अस्तित्वात नसलेला अवयव

खडकवस्ती उपकेंद्राच्या आरोग्यसेविका द्वारका नवनाथ घुगे यांना एचपीव्ही या विषाणूबद्दल सत्त्याण्णव टक्के माहिती होती. हे कुणी तोंडदेखलं कौतुक करत नव्हतं; रोज सकाळी नऊ वाजता मोजून तसं कळवलं जात होतं. उरलेले तीन टक्के, उत्तर देताना मध्येच शिंक आली म्हणून गेले होते.

मोजणारीचं नाव ‘विदुषी’. शेंगदाण्याएवढं यंत्र, डाव्या कानात बसवायचं. सकाळी ती पाच प्रश्न विचारी, मग दिवसभर सेविका बायांशी काय बोलते ते ऐके, चुकलं की कानात बरोबर उत्तर पुटपुटे आणि गुण कापे. सेविका तिला ‘कानातली सासू’ म्हणत, पण तेही यंत्र काढून ठेवल्यावर.

विदुषी येण्याआधी पंचवीस वर्षं सर्वेक्षणं चालली होती. एचपीव्हीबद्दल प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांना किती कळतं, हे विचारायला कुणीतरी तक्ता घेऊन यायचं, चहा घ्यायचं आणि निष्कर्ष काढायचं की ज्ञान अपुरं आहे, अधिक अभ्यासाची गरज आहे. मग अधिक अभ्यास व्हायचा. उपकेंद्राला पडदा आहे का, नळाला पाणी आहे का, तपासणीच्या टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकतात का, हे विचारणारा तक्ता मात्र कुणी छापला नाही. शेवटी सरकारने अपुऱ्या ज्ञानाचा कायमचा बंदोबस्त केला. सन २०३८ पर्यंत राज्यातल्या प्रत्येक सेविकेच्या कानात संपूर्ण ज्ञान बसवण्यात आलं. पडदे पुढच्या टप्प्यात होते.

खोटं कशाला बोला, यंत्र कामाचं होतं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि इतका सर्रास पसरतो की आयुष्यात एकदा तरी तो बहुतेकांना गाठतोच. शंभरातल्या नव्वदजणी त्याला वर्षा-दोन वर्षांत आपसूक हुसकावून लावतात. उरलेल्यांच्या गर्भाशयमुखात, म्हणजे बाया ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात तिथे, तो ठाण मांडतो आणि दहा-पंधरा वर्षं सावकाश पेशी बिघडवत राहतो. एवढा आळशी कॅन्सर दुसरा नाही. त्याला अडवायला दशकभर हातात असतं. मुलींना वेळेवर लस, बायांना वेळेवर तपासणी, संपलं. तपासणीही आता सोपी झाली होती: कापूस लावलेली एक काडी, ती बाईने स्वतःच आत फिरवायची आणि तळहाताएवढ्या पेटीत खोचायची. पेटी विषाणूचा जनुकीय धागा ओळखून अर्ध्या तासात सांगे, आहे की नाही. फक्त काडीचं पाकीट कुलूपबंद यायचं. बाईने त्यावर अंगठा ठेवायचा, विदुषीने तिची नोंद पाहून होकार द्यायचा, मग पाकीट उघडायचं.

मंगळवारी दुपारी सत्यभामा उपकेंद्रात आली. ही द्वारकाची मोठी जाऊ, वय पंचेचाळीस. हातात ताकाची बरणी होती. ताक देणं हे निमित्त आहे, हे बरणीलाही कळत असावं.

“द्वारके, पडदा ओढ.”

“पडदा नाही आला अजून, अक्का. दार लावते.”

सत्यभामा खुर्चीच्या कडेवर टेकली. “दोन महिने झाले. पांढरं जातंय. वास येतो. आन परवा लाल लागलं.”

“दोन महिने? आणि मला आज सांगताय?”

“काय सांगू? पिशवीच न्हाई, तर लाल येतंय कुठून? म्हणलं उष्णता असंल.”

सत्यभामाची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला महिन्यातले चार दिवस कंबर धरून बसता येत नाही, मुकादमाला खाडा चालत नाही, आणि तालुक्यातल्या एका डॉक्टरला ही अडचण फार लवकर उमगली होती. “पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल,” हे वाक्य त्याने इतक्या जणींना ऐकवलं, की खडकवस्तीत पिशवी शाबूत असलेली चाळिशीची बाई दिसली तर लोक तिला काय झालंय म्हणून चौकशी करत. पुढे तो डॉक्टर तीन मजली झाला. म्हणजे त्याचं हॉस्पिटल झालं.

द्वारकाने काडीचं पाकीट पुढे केलं. सत्यभामाने लुगड्याला पुसून अंगठा ठेवला.

“लाभार्थी अपात्र,” विदुषी कानात म्हणाली. “गर्भाशय अस्तित्वात नाही. तपासणी लागू नाही. पाकीट परत ठेवा.”

“काय म्हणती गं ती?”

“म्हणते, तुम्हाला हा आजार होऊच शकत नाही.”

“मग बरंय की,” सत्यभामा म्हणाली. पण उठली नाही.

द्वारका हळूच बोलली, “रुग्णाला रक्तस्राव आहे.”

“संभाव्य कारण उष्णता अथवा अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या द्याव्यात. निकषाशी विसंगत शंका घेतल्याबद्दल दोन गुण वजा.”

पुण्या-मुंबईत घडलेल्या यंत्राला ‘उष्णता’ हा शब्द कुणी शिकवला असेल, असं द्वारकाच्या मनात येऊन गेलं. पण तेव्हा तिला घाई होती. तिने दाराला कुलूप लावलं आणि जावेला स्कूटीवर मागे बसवून आठ किलोमीटरवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं.

तिथल्या वैद्यकीय अधिकारी डॉ. शगुफ्ता काझी. वय एकतीस, चेहऱ्यावर पन्नाशीचा थकवा. तपासणीच्या खोलीत सतरा सेविकांच्या विदुषी चार्ज करायचं कपाट आल्यामुळे टेबल मागच्या व्हरांड्यात गेलं होतं. डॉक्टरांनी दोन चादरी बांधल्या आणि सत्यभामाला झोपवलं.

“सिस्टर, टॉर्च धरा. काय दिसतंय?”

द्वारकाने वाकून पाहिलं. जे ती एकोणीस वर्षं तक्त्यावर गुलाबी खडूने काढून दाखवत होती, तेच. गोल, मध्ये बारीक छिद्र. फक्त एका बाजूला खडबडीत व्रण होता आणि कापूस टेकताच त्यातून रक्त आलं.

“हे तर गर्भाशयमुख आहे,” ती म्हणाली. “पण यांची पिशवी…”

“वरची पिशवी काढली. तोंड तसंच ठेवलं. पूर्ण काढायचं तर वेळ लागतो, शेजारची मूत्रनळी सांभाळावी लागते. त्या गृहस्थाला एका दुपारी सहा उरकायच्या असणार.” डॉक्टरांनी हातमोजे काढले. “कॅन्सर होतो तो इथेच, सिस्टर. तो होऊ नये म्हणून पिशवी काढली म्हणे.”

खोलीत येऊन डॉक्टरांनी नोंद करायला घेतली. संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘अस्तित्वात नसलेल्या अवयवाची नोंद करता येत नाही.’

त्यांनी पुन्हा टंकलं. पुन्हा तेच.

“कागदावर चिठ्ठी द्या ना.”

“जिल्ह्याला चार वर्षांपासून कागद घेत नाहीत. पर्यावरण.”

“पण हा नियम घातला कुणी? कोणत्या डॉक्टरने?”

डॉक्टरांनी नियमाच्या बाजूचं ‘आधार’ असं बटण दाबलं. ते आजवर कुणी दाबलं नसावं, कारण उघडायला बराच वेळ लागला. विदुषीला शहाणं करायला लाखो नोंदी लागल्या होत्या, त्या आणायच्या कुठून? राज्यभरातल्या उपकेंद्रांची जुनी रजिस्टरं स्कॅन करून तिला वाचायला दिली. जे पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसलं, ते तिने खरं मानलं. ‘पिशवी काढलेली, तपासणी लागू नाही.’ असं एक्केचाळीस हजार पानांवर लिहिलेलं होतं, कुठल्या डॉक्टरने नाही तर सेविकांनी. तपासणीचा रकाना भरायचा, बाई लाजते, टेबल डुगडुगतं, आणि पिशवीच नाही म्हटल्यावर तपासायचं तरी काय? एकीने लिहिलं, दुसरीने पाहून लिहिलं.

खाली नमुन्यादाखल एक पान दिलं होतं. अक्षर स्वच्छ होतं म्हणून निवडलं असणार. उपकेंद्र खडकवस्ती, सन २०२२. ओळ सातवी: घुगे सत्यभामा अंकुश. लागू नाही.

द्वारका त्या अक्षरांकडे पाहत राहिली. रेघ सरळ, काना टोकदार. त्या रजिस्टरासाठी तिला तालुक्यात टाळ्या मिळाल्या होत्या. ज्या चुकीला कुणी चूक म्हटलं नाही, तीच घोटून तिच्या कानात बसवली होती, आणि आता तीच चूक तिला मार्क देत होती, सत्त्याण्णव.

“कुणाचं अक्षर हाय?” दारातून सत्यभामाने विचारलं. तिला वाचता येत होतं.

“माझं.”

सत्यभामा वळली. व्हरांड्यात जाऊन तिने चपला घातल्या, उलट्या, आणि पुन्हा सरळ घातल्या. मग म्हणाली, “हे लिव्हून बी सोळा वर्षं तू माझ्या हातची भाकर खातीस.”

द्वारकाने कानातलं यंत्र काढलं, चार्जिंगच्या कपाटात टाकलं आणि पिशवीतून दुसरं पाकीट काढलं. प्रत्येक सेविकेला स्वतःसाठी वर्षाला एक काडी मिळे. तिने त्यावर स्वतःचा अंगठा दाबला. विदुषीने कपाटातूनच होकार दिला आणि पाकीट सुर्रकन उघडलं.

“अक्का, आत चला.”

“मी काही पाहिलेलं नाही,” डॉ. काझी म्हणाल्या आणि चादर पुन्हा बांधून दिली.

अर्ध्या तासाने पेटीवर दिवा लागला. प्रकार सोळा, सगळ्यांत वाईट चालीचा. ‘द्वारका नवनाथ घुगे: विषाणू आढळला. वेळेवर तपासणी केल्याबद्दल अभिनंदन. जिल्हा रुग्णालयात गुरुवारी अकरा वाजता यावे. निकाल कुटुंबप्रमुखास कळवण्यात आला आहे.’

कुटुंबप्रमुख नवनाथ घुगे दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तसाच ठेवून मोबाइल वाचत होता. त्याने ती ओळ सोळा-सतरा वेळा तरी वाचली असावी.

“हा रोग कसा होतो?”

“तुम्हाला माहीत आहे. शाळेत पालकांपुढे मीच सांगितलं होतं, तुम्ही पहिल्या रांगेत होता.”

“म्हणून तर विचारतो. कुणाकडनं आला?”

विदुषी आज पुन्हा कानात होती, नाहीतर गैरहजेरी लागते. ती उत्साहाने पुटपुटली, “समुपदेशनाची उत्तम संधी. पतीस शांतपणे समजावा.”

“हा कधी आला आणि कुणाकडून आला ते सांगता येत नाही,” द्वारका शांतपणे म्हणाली. “वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. बहुतेक वेळा बाईला तो नवऱ्याकडूनच मिळतो.”

“उत्तम. एक गुण अधिक.”

नवनाथचा कप भिंतीवर फुटला. “म्हणजे माझ्यावर ढकलतीस! गावोगाव गाडी उडवत हिंडायचं आन वर मलाच शिकवायचं!”

खरं सांगितलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण नवनाथच्या पोटात काही राहत नसे. तो थोरल्या भावाला सांगणार, भाऊ मुकादमाला सांगणार, आणि गुरुवारच्या आत ते सरकारला कळणार. द्वारकाने काचा गोळा केल्या. नवनाथने दोन शर्ट पिशवीत भरले आणि तो तणतणत भावाच्या घरी गेला. म्हणजे सत्यभामाच्या.

तिथे काय झालं ते द्वारकाला गुरुवारी एसटीत कळलं. सत्यभामाने दिराला जेवायला वाढलं. तो जेवता जेवता बायकोच्या नावाने बोलत होता आणि अंकुश, सत्यभामाचा नवरा, मान हलवत होता. दोन भाकरी होईपर्यंत तिने ऐकून घेतलं.

“मग काय म्हणालात?” द्वारकाने विचारलं.

“म्हणलं, भाऊजी, तो रोग माझा हाय. आन मला तो तुमच्या दादाकडनं आलाय, मी तर दुसरा गडी बघितला न्हाई. आता मान हलवा म्हणलं.” सत्यभामा खिडकीबाहेर बघत होती. “दोघांचाबी घास तोंडातच.”

“आता गावभर होईल, अक्का.”

“न्हाई व्हत. दादाची अब्रू हाय ना त्यात. आपली असती तर झालं असतं.”

जिल्ह्याला खिडकीवर द्वारकाने अंगठा दिला आणि टेबलावर सत्यभामा झोपली. तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण अजून आसपास पसरलेला नव्हता. पंचवीस वेळा किरणोपचार, जोडीला सलाइनमधून औषध. तपासणाऱ्या वयस्क डॉक्टरांनी संगणकावरचं वय पाहिलं, बाईकडे पाहिलं, आत नसलेल्या पिशवीचा विचार केला आणि विचारलं, “द्वारका घुगे आपणच ना?”

“अंगठा जुळलाय की, साहेब,” सत्यभामा म्हणाली.

“जुळलाय खरा,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. आपल्याकडे माणसं वाचतात ती बरेचदा अशीच, कुणीतरी नियमाकडे कानाडोळा केला म्हणून. आणि मरतात ती नियमानुसार.

द्वारकाचं रजिस्टर मात्र मिटत नव्हतं. तिच्या एकटीच्या हातचे ‘लागू नाही’ दोनशे बारा होते. महिन्याच्या बैठकीत, यंत्रं कपाटात लागल्यावर, तिने उरलेल्या सोळाजणींना सगळं सांगितलं. मग अंबिलवाडीची शांता बडे म्हणाली, “माझ्याकडं एकशेनव्वद. त्यातल्या दोघी मेल्या. मी लिहिलं, अशक्तपणा.” तिने यंत्रांच्या कपाटाकडे बोट केलं. “मला शंभरातले पंच्याण्णव देत होती गं ही रांड.”

त्या महिन्यात त्या सोळाच्या सोळा सेविकांनी आपापली काडी आपापल्या अंगठ्याने उघडली आणि ज्या बाईला त्रास होता तिला दिली. पाचजणींच्या नावावर विषाणू निघाला; द्वारका धरून सहा.

राजधानीत घंटा वाजली. एकाच केंद्राच्या सतरा सेविकांपैकी सहा बाधित! ज्ञानमापन कक्षाने तातडीने निदान केलं: सेविकांना स्वतःच्या बचावाबद्दल पुरेसं ज्ञान नाही. सर्वेक्षण करावं.

सर्वेक्षण घेऊन आले ते राज्य ज्ञानाधिकारी खानविलकर. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. खडकवस्तीच्या उपकेंद्रात बसून त्यांनी तक्ता उघडला, एक प्रश्न विचारला, मग तक्ता मिटला. माणूस मूर्ख नव्हता. बाकावर बसलेली फिकट सत्यभामा त्यांनी पाहिली होती, आणि समोर ठणठणीत द्वारका.

“ताई, मला सगळं समजलंय,” ते हळूच म्हणाले. “मी तुमच्या बाजूचा आहे. यांचे किती वेळा किरण घ्यायचे राहिलेत?”

“चौदा.”

“ते होऊ देत. तुम्ही कागदोपत्री आजारीच राहा. बाकीच्या पाचजणीही राहतील. फक्त इथे सही करा, की आजार माझाच आहे आणि यंत्राच्या निकषांबद्दल माझी तक्रार नाही. विदुषी पुढच्या महिन्यात आणखी चार राज्यांत जाते आहे. आता नियम चुकीचा म्हटलं तर…” त्यांनी हात पसरले.

“आणि सही नाही केली तर?”

“तर अंगठा खोटा ठरतो. मग उपचारही थांबवावे लागतात. मी नाही थांबवत हो, आपोआप थांबतात.”

“आणि माझ्या रजिस्टरातल्या बाकीच्या दोनशे अकरा?”

“त्यांना काही होत असेलच, असं कुठे आहे?”

द्वारकाने पेन उचललं. सही केली तर अक्का वाचत होती. दोनशे अकराजणींना ती ओळखत होती, त्यांच्या लेकीसुनांची बाळंतपणं तिने केली होती, पण त्यांच्या हातची भाकर खाऊन ती सून म्हणून लहानाची मोठी झाली नव्हती. तिने पेन कागदाला टेकवलं. आज पहिल्यांदाच विदुषी काही सांगत नव्हती.

“थांब,” सत्यभामा म्हणाली.

ती बाकावरून उठली. उठताना भिंतीला धरावं लागलं. तिने द्वारकाच्या हातातून पेन काढून घेतलं आणि खानविलकरांच्या पुढ्यात ठेवलं.

“लिव्हा, साहेब. सत्यभामा अंकुश घुगे.”

“बाई, तुम्हाला कळतंय का? तुमचे उपचार…”

“समदं कळतंय. शेवंता मुंडेला बी असंच लाल जातंय. ती ऊसतोडीला माझ्याच टोळीत व्हती, आमची दोघींची एकाच दुपारी काढली. तिला मी काय सांगू, माझ्या जावेनं सही केली म्हणून मी जगले?” तिने दार ढकललं. बाहेर पायरीवर शेवंता होती, तिच्यामागे अंबिलवाडीच्या चौघी, आणि कुंपणापाशी आणखी. शांता बडेने सकाळपासून जीप भरभरून बाया आणल्या होत्या. “लिव्हा.”

खानविलकरांनी पेन उचललं नाही. तिथे उभ्या असलेल्या चाळीसेक बायांनी काहीच केलं नाही, फक्त त्या आत येत गेल्या. खोलीत हवा राहिली नाही. शेवटी त्यांनी तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नाव लिहिलं. मग घाम पुसला.

“नाव लिहितो. पण बाई, नोंद कशाची करू? तुम्हीच सांगा. पिशवीच नाही म्हटल्यावर तपासायचं काय?”

“मला तपासा की,” सत्यभामा म्हणाली. “मी हाय ना हितं.”